डब्यातली अमेरिका : स्वीडिश स्थलांतराची कागदपत्रं आणि आठवणी कशा जपायच्या

गोथेनबर्गला आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. वृद्धाश्रमात जायच्या आठवड्यात त्यांनी मला वर बोलावलं आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हातात दिला. आत अमेरिकेहून आलेली पत्रं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले नऊ फोटो आणि बायबलमधून सुटं झालेलं एक पान होतं. नऊ फोटोंतल्या दोन माणसांची नावं त्यांना आठवत होती. बाकीचे "आईकडचे कुणीतरी". आजींच्या मुलांना ती जुनी लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे डब्यात काय आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

असे डबे स्वीडनभर आहेत आणि त्यांचे जोडीदार डबे समुद्रापलीकडे मिनेसोटात, इलिनॉयमध्ये, कॅन्ससमध्ये पडून आहेत. 1850 ते 1930 या काळात बारा लाखांहून जास्त माणसं स्वीडन सोडून उत्तर अमेरिकेत गेली. 1900 साली अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या एक्कावन्न लाखांच्या आसपास होती, यावरून ही ओहोटी केवढी होती ते कळेल. कारणं अनेक होती. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते, 1867 ते 1869 अशी ओळीने वाईट वर्षं आली होती, आणि 1862 च्या कायद्याने अमेरिकेत जवळजवळ फुकट जमीन मिळत होती. त्याआधी गेलेल्यांत धर्माच्या कारणाने निघालेलेही होते. एरिक यान्सन या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी 1846 मध्ये इलिनॉयमध्ये बिशप हिल ही वसाहत उभी केली, कारण चर्चबाहेर घरोघर प्रार्थनासभा भरवायला स्वीडनमध्ये 1858 पर्यंत कायद्याने बंदी होती. गेलेल्यांपैकी साधारण एक पंचमांश परतले. उरलेल्यांची आठवण मात्र दोन देशांत विभागली गेली, आणि एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूवाचून अर्धाच बोलतो.

गेली काही वर्षं मी एका गावाच्या इतिहास मंडळात हेच काम करते. स्टॉकहोम-गोथेनबर्गला किंवा शिकागो-मिनियापोलिसला राहणाऱ्या, अशा घरात लग्न होऊन गेलेल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदत करू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक स्कॅनरपासून सुरुवात करतात. ते करू नका.

आधी माणसाशी बोला

कागद अजून पन्नास वर्षं टिकेल. नव्वदीतल्या माणसाची आठवण पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेलच असं नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे फोटो टेबलावर मांडून त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीसमोर बसणं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा. तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच मोठ्याने म्हणा, आणि रेकॉर्डिंग पुढे कुणाला ऐकवायचं, कुठे ठेवायचं याची परवानगीही त्याच रेकॉर्डिंगमध्ये विचारून घ्या. प्रत्येक फोटोला आधी नंबर द्या आणि बोलताना तो नंबर उच्चारा. "हा बघ, हा मामा" एवढंच ध्वनिफितीवर उरलं, तर दहा वर्षांनी कुणालाही त्यातून काही कळणार नाही.

"तुमच्या कुटुंबाचा इतिहास सांगा" असा प्रश्न विचारू नका. माणूस गोंधळतो आणि पाठ झालेली गोष्ट सांगतो. त्याऐवजी बारीक विचारा. अमेरिकेहून पत्र आलं की ते कोण वाचून दाखवायचं? पत्रात पैसे यायचे का, तिकीट यायचं का? (पुष्कळजण आधी गेलेल्या नातेवाइकांनी भरून पाठवलेल्या तिकिटावरच गेले.) परत आलेलं कुणी होतं का, त्याला गावात काय म्हणायचे? ज्याचं नाव घरात काढत नसत, असं कुणी होतं का? हा शेवटचा प्रश्न हळुवारपणे विचारा, पण विचारा.

बोलणाऱ्याची बोली सुधारून लिहू नका. उप्सालाचे बोलीभाषा-अभ्यासक फोल्के हेडब्लूम 1960 च्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन अमेरिकेतल्या स्वीडिश वस्त्यांत फिरले. स्वीडनमध्ये पुसट होत चाललेल्या गावठी बोली तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्यांना जिवंत सापडल्या. तुमच्या समोरच्या आजोबांच्या एखाद्या चमत्कारिक शब्दातही त्यांच्या आजीचं गाव असू शकतं.

डबा उघडताना

माझ्या हातून सुरुवातीला घडलेली चूक सांगते. आजींच्या डब्यातली पत्रं तीन वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधलेली होती. मी उत्साहाने सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि पत्रं तारखेप्रमाणे लावली. नंतर लक्षात आलं की तीन गठ्ठे म्हणजे तीन बहिणींकडे आलेली पत्रं होती, आणि निम्म्या पत्रांवर मायना फक्त "प्रिय बहिणी" एवढाच होता. कोणतं पत्र कुणाला आलं हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून काहीही हलवण्याआधी डब्याचा वरून फोटो घ्या, मग प्रत्येक थराचा, मग प्रत्येक गठ्ठ्याचा. गठ्ठे मोडू नका. पत्र पाकिटातून काढलं तरी पाकीट त्याच्यासोबतच ठेवा. टपालाचा शिक्का आणि पत्ता हा कित्येकदा पत्रापेक्षा मोठा पुरावा असतो.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदासाठी हातमोजे नकोत, कारण मोज्यातल्या बोटांना कडा जाणवत नाही आणि कागद फाटतो. फोटोंसाठी मात्र मोजे घाला. रबरबँड, टाचण्या, गंजलेल्या क्लिपा काढून टाका. चिकटपट्टी लावू नका. जुनी लागलेली असेल तर ओढून काढू नका, ते काम कागद-संवर्धकाचं. लॅमिनेशन तर कधीच नको, त्यात गेलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. घड्या उलगडून पत्र सपाट ठेवा आणि आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात घाला. फोटोसाठी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळतात. साधं पीव्हीसी प्लास्टिक घातक असतं. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने. पेन नको.

ठेवण्याची जागाही नीट निवडा. स्वीडिश घरांत असल्या वस्तू माळ्यावर नाहीतर तळघरात जातात आणि दोन्ही जागा वाईट. माळा हिवाळ्यात गोठतो नि उन्हाळ्यात तापतो, तळघरात ओल असते. राहत्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट सगळ्यात चांगलं.

गुरुकिल्ली : सोकेन

अमेरिकेतल्या घरांत विचारलं तर उत्तर मिळतं, "आमचे पणजोबा स्मोलांडचे." स्मोलांड हा अख्खा प्रांत आहे आणि दक्षिण स्वीडनमधून तिथलीच माणसं मोठ्या संख्येने गेली. एवढ्यावर शोध पुढे सरकत नाही. तुम्हाला हवं असतं सोकेनचं नाव. सोकेन म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं आणि वाड्या. स्वीडनमधली जुनी नोंद सोकेनवार आहे. सोकेन कळलं की दार उघडलं. म्हणून डब्यातल्या प्रत्येक कागदावर आधी ठिकाणाचं नाव शोधा, मग माणसाचं.

माणसाच्या नावाने फसायला होतं. आपल्याकडे वडलांचं नाव मधे येतं, तसं स्वीडिश खेड्यात ते शेवटी यायचं. आंदेर्सचा मुलगा आंदेर्सन, मुलगी आंदेर्सदोत्तेर. पुढच्या पिढीत ते बदलायचं. म्हणजे बाप आणि मुलगा यांचं आडनाव वेगळं असणं हेच नियमाचं होतं. 1901 च्या नाव-कायद्यानंतर ही रीत हळूहळू थांबली. सैनिकांची आणखी एक तऱ्हा होती. एका तुकडीत दहा आंदेर्सन झाले तर घोटाळा, म्हणून भरतीच्या वेळी रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे धीट, असं आखूड नाव मिळायचं. डालार्ना प्रांतात तर शेतघराचं नाव माणसाच्या नावाच्या आधी लावतात. आणि अमेरिकेत उतरल्यावर योन्सन, योहान्सन, योहान्नेसन हे सगळेच जॉन्सन झाले, आंदेर्सदोत्तेरही अँडरसन झाली. त्यामुळे एकट्या नावावर कधीही विसंबू नका. नाव, जन्मतारीख आणि सोकेन या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच समजा.

चर्चच्या वह्या

या देशातल्या नोंदी पाहिल्या की मी अजूनही थक्क होते. 1686 च्या चर्च-कायद्याने पाद्र्यांवर जन्म, लग्न, मृत्यू आणि ये-जा लिहून ठेवायचं बंधन आलं, आणि लोकसंख्येची नोंद चर्चकडे राहिली ती थेट 1991 पर्यंत. त्यानंतर ते काम कर-खात्याकडे गेलं.

यातली सर्वांत मोलाची वही म्हणजे हूसफरहोर्सलेंग्द, आपण तिला घरपरीक्षेची वही म्हणू. पाद्री वर्षातून एकदा प्रत्येक वाडीतल्या लोकांना जमवून त्यांना वाचता येतं का, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, हे तपासायचा. एका शेतघराला एक पान किंवा पानाचा एक भाग. त्यावर मालक, बायको, मुलं, गडी, मोलकरणी, कोपऱ्यातली म्हातारी आई, सगळ्यांची नावं, जन्मतारखा, जन्माचं सोकेन, देवीची लस टोचली का, कुठून आले, कुठे गेले. एक वही साधारण पाच-दहा वर्षं चालायची. 1890 च्या दशकाच्या मध्यापासून तिची जागा नव्या मांडणीच्या सोकेन-वहीने घेतली.

निघून गेलेल्या माणसाच्या नावावर आडवी रेघ मारलेली असते आणि शेवटच्या रकान्यात "न. अमेरिका", म्हणजे उत्तर अमेरिका, आणि वर्ष. घरातली सहा मुलं आणि त्यांतल्या पाच नावांवर रेघा, असं पान मी पाहिलं आहे. खाली आईबाप तसेच आहेत, रेघ नसलेले.

शोधायची पद्धत अशी. माणूस कधी गेला याचा अंदाज घ्या आणि त्या वर्षांची वही काढा. वाडीचं नाव माहीत असेल तर वहीच्या आरंभी किंवा शेवटी वाड्यांची सूची असते, ती पाहा. नसेल तर पानोपान चाळा, दुसरा इलाज नाही. माणूस सापडला की मागच्या वहीत जा, मग त्याच्या मागच्या, जन्मापर्यंत. मग बाहेर जाणाऱ्यांची स्वतंत्र नोंदवही बघा. सोकेन सोडताना पाद्र्याकडून स्थलांतराचा दाखला घ्यावा लागे आणि त्याची तिथे क्रमांकासह नोंद होई. पाद्र्याची लघुरूपं आधी पाठ करा. 'द्र' म्हणजे द्रेंग, गडी. 'प' म्हणजे पीगा, मोलकरीण. 'फ' म्हणजे जन्म. जन्मतारखेचा अंक आणि वाचनाच्या खुणा शेजारी-शेजारी असतात, त्यात गल्लत होते.

दाखला न घेता गेलेलेही पुष्कळ. सक्तीची लष्करी सेवा टाळणारे तरुण, कर्ज मागे ठेवून गेलेले, घरच्यांना न सांगता पळालेल्या मुली. त्यांची नावं बऱ्याच वर्षांनी वहीच्या शेवटी "ठावठिकाणा नाही" अशा यादीत सापडतात. ती यादी वगळू नका.

सोकेनच्या वह्या आगीत गेल्या असतील तर? निराश होऊ नका. 1860 पासून प्रत्येक पाद्र्याला जन्म, लग्न, मृत्यू आणि परदेशगमनाचे उतारे दरवर्षी स्टॉकहोमच्या सांख्यिकी खात्याला पाठवावे लागत. ती प्रत शिल्लक आहे.

हे सगळं घरबसल्या पाहता येतं. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, म्हणजे रिक्सआर्किव्हेटने, 2018 पासून डिजिटल प्रती सर्वांना मोफत खुल्या केल्या. आर्किव्ह डिजिटल या खाजगी संस्थेकडे रंगीत, जास्त स्पष्ट फोटो आहेत, पण वर्गणी भरावी लागते. फिकट शाई असेल तर ते पैसे वसूल होतात. गेल्या सत्तर वर्षांतल्या नोंदींवर गोपनीयतेचं बंधन असतं, तेवढं लक्षात ठेवा.

बंदर आणि समुद्र

1869 पासून गोथेनबर्गच्या पोलिसांकडे प्रवाशांच्या याद्या आहेत. तिकीट विकणाऱ्या एजंटाला प्रत्येक प्रवाशाचा करार पोलिसांना दाखवावा लागे, त्यातून त्या तयार झाल्या. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, कुठे जायचं. "कुठे जायचं"मध्ये न्यूयॉर्क किंवा शिकागो लिहिलेलं असलं तरी तो माणूस तिथे स्थिरावलाच असं समजू नका, तिकीट तिथपर्यंतचं होतं एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकांचा मार्ग ठरलेला होता. गोथेनबर्गहून विल्सन कंपनीच्या बोटीने इंग्लंडमधलं हल, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून मोठं जहाज. स्वीडनची स्वतःची थेट न्यूयॉर्क बोटसेवा 1915 मध्ये सुरू झाली.

गोथेनबर्गच्या यादीत नाव नसेल तर कोपनहेगनच्या पोलिसांच्या याद्या पाहा. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतातले लोक तिकडून सहज जात. नॉर्वेच्या सीमेलगतचे लोक ओस्लो किंवा ट्रोंडहाइमहून जात. ओस्लोचं तेव्हाचं नाव क्रिस्तियानिया, जुन्या नोंदीत तेच शोधा.

अमेरिकेच्या बाजूला

इथे माझं स्पष्ट मत आहे. सरकारी कागदांआधी चर्चचे कागद पाहा. अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं "स्वीडन" लिहिलेलं असतं, आणि 1890 ची जनगणना तर आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. 1900 च्या जनगणनेत देशात कधी आला ते वर्ष मिळतं, तेवढा उपयोग. पण स्वीडिश लुथरन मंडळींनी 1860 मध्ये ऑगस्टाना सिनड हा चर्चसंघ स्थापन केला, आणि त्यांच्या पाद्र्यांनी मायदेशातलीच नोंदीची सवय सोबत नेली. त्यामुळे मिनेसोटातल्या एखाद्या लाकडी चर्चच्या सदस्य-वहीत त्या माणसाची नेमकी जन्मतारीख आणि जन्माचं सोकेन लिहिलेलं सापडतं. अशा वह्यांच्या मायक्रोफिल्मचा मोठा संग्रह इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन केंद्रात आहे. हे केंद्र 1981 पासून हेच काम करतं.

दुसरं साधन म्हणजे स्वीडिश-अमेरिकन वर्तमानपत्रं. 1859 ते 2007 या काळातली अशी 28 पत्रं डिजिटल रूपात शोधता येतात, मिनेसोटाच्या ऐतिहासिक सोसायटीने आणि स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मिळून ते काम केलं. मृत्युलेखात बहुधा मूळ सोकेन छापलेलं असतं. शेतजमीन घेतली असेल तर जमिनीच्या अर्जाची फाइल मागवा, तिच्यात नागरिकत्वाचे कागद जोडलेले असतात. कबरींचे दगडही वाचा. जुने स्वीडिश मजकूर पावसाने पुसट होत आहेत. दगड ब्रशने घासू नका, खडू लावू नका. ऊन तिरकं पडतं तेव्हा फोटो काढा.

वाचणं आणि लिहून काढणं

ज्याला देवनागरी येते त्याला मोडी समोर आल्यावर जे वाटतं, तेच आजच्या स्वीडिश माणसाला जुनं हस्ताक्षर पाहून वाटतं. उपायही तोच, बाराखडी घोटणं. एकाच माणसाच्या पत्रातले ओळखीचे शब्द घ्या, म्हणजे महिन्यांची नावं, "प्रिय आईवडील", "देवाच्या कृपेने खुशाल". त्यांतली अक्षरं वेगळी काढून एका कागदावर त्या हाताची वर्णमाला बनवा. दोन-तीन पत्रांनंतर डोळा बसतो. ट्रान्सक्रिबस या हस्तलिखित वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जुन्या स्वीडिश हस्ताक्षरांचंही शिक्षण दिलेलं आहे. पहिला कच्चा मसुदा त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, पण नावं आणि आकडे तो हमखास चुकवतो.

उतरवताना जसं आहे तसं लिहा. 1906 च्या शुद्धलेखन-सुधारणेआधीची रूपं वेगळी होती, ती आधुनिक करू नका. दहा वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस 'फार्म'ला स्वीडिश प्रत्यय लावून 'फार्मेन' लिहितो, दुकानाला 'स्टोरेट' म्हणतो. त्या मिसळलेल्या भाषेतच त्याची दहा वर्षं दिसतात. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून सोडा, अंदाजाने भरू नका. भाषांतर वेगळ्या फाइलमध्ये करा.

तारखांना जपा. स्वीडिश रीतीने 4/7 म्हणजे 4 जुलै, अमेरिकी रीतीने 7 एप्रिल. लिहिणारा कोणत्या वर्षी एका रीतीवरून दुसरीवर गेला हे पाकिटावरच्या शिक्क्यांवरून ताडून पाहा.

आता स्कॅनर

पत्रं 400 आणि फोटो 600 डीपीआयला, रंगीत, दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा. मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात ठेवा आणि वाटायला जेपेग बनवा. फोटोच्या पुठ्ठ्याची खालची कडा कापू नका, तिथे स्टुडिओचं आणि शहराचं नाव छापलेलं असतं. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, लिहिणारा, पान या क्रमाने, इंग्रजी अक्षरांत, स्वीडिश अक्षरांवरची टिंबं न वापरता द्या. सोबत एक साधा तक्ता ठेवा, त्यात नंबर, कुणाचं, कुणाला, कुठून, कुठे, कुठल्या गठ्ठ्यात, कुणी ओळखलं आणि कधी ओळखलं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात.

कुणाकडे सोपवायचं

घरात पुढे कुणी सांभाळणारं नसेल तर वेळेत संस्थेशी बोला. स्वीडनमध्ये वेक्शोला 1965 मध्ये स्थापन झालेली स्थलांतरितांची संस्था आहे, तिचं संग्रहालय 'उतवांद्रार्नास हूस' म्हणजे निघून गेलेल्यांचं घर. ती आता कुल्टूरपार्केन स्मोलांडचा भाग आहे. व्हेर्मलांड प्रांतातल्या लोकांसाठी कार्लस्टाडलाही असंच केंद्र आहे. कागद घेऊन थेट जाऊ नका. आधी तुमचा तक्ता पाठवा. दानपत्रात मालकी कुणाची, मजकूर कुणी छापू शकतं, एखादं पत्र काही वर्षं बंद ठेवायचं का, हे लिहून घ्या. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं त्याच्या वारसांचा असतो. जिवंत माणसांची माहिती सरसकट इंटरनेटवर टाकू नका.

मूळ कागद एकाच जागी जाऊ शकतात, प्रती मात्र दोन्ही काठांवर जाऊ द्या. आजींच्या डब्यातली मूळ पत्रं स्वीडनमध्येच राहिली. त्यांच्या प्रती, बायबलच्या पानावरून लागलेल्या सोकेनच्या नावासह, मी मिनेसोटातल्या एका चर्चला पाठवल्या. सात महिन्यांनी उत्तर आलं. त्यांच्याकडेही एका पेटीत नाव नसलेले फोटो होते आणि त्यांतला एक आमच्या सहाव्या क्रमांकाच्या फोटोसारखाच होता, तोच स्टुडिओ, तीच खुर्ची. त्याच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिलेलं होतं. मी तो छापून वृद्धाश्रमात घेऊन गेले. आजींनी चष्मा लावला, नाव दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हीच ती. आई हिच्याच नावाने माझं नाव ठेवणार होती."